कारण : टिपणीस

"मेलाय खरा, पण अजून चावेल. हात खिशात."

नोकरीच्या पहिल्याच दिवशी, दुबईत जबल अलीच्या फ्री झोनमधल्या एका शेडमध्ये, मी हातात व्हिजिटरचा पास धरून पार्टिशनच्या अलीकडे उभी होते. पलीकडून हे वाक्य आलं, पाठोपाठ त्याचंच हिंदी भाषांतर आलं, आणि मग तोच आवाज कोणाला तरी विचारू लागला की आईचे गुडघे आता कसे आहेत, ऑपरेशनचं काय ठरलं आणि धाकट्या बहिणीला ते कोचीनचं स्थळ पसंत पडलं का. समोरचा माणूस सविस्तर उत्तरं देत होता. मी डोकावून पाहिलं. एक सडपातळ, साठीचे गृहस्थ, एक चष्मा डोळ्यांवर आणि दुसरा कपाळावर, दोन्ही हात पँटच्या खिशात घालून उभे होते. समोर स्टोअरकीपर, त्याचेही हात खिशात. मधल्या टेबलावर झाकण काढलेला एक पत्र्याचा डबा होता, आणि बोलताना दोघांचीही नजर त्याच्यावरून हलत नव्हती.

तो डबा म्हणजे पॉवर सप्लाय. दुकानाची उजळणारी पाटी, कोपऱ्यावरचा कॅमेरा, लिफ्टचं पॅनेल, या सगळ्यांच्या मागे असा एक जाळीदार डबा बसवलेला असतो. भिंतीतली दोनशे वीस व्होल्टची वीज तो घेतो आणि पुढे मोजून चोवीस व्होल्ट देतो. बिघडलेले असे डबे दुरुस्त करणं हा आमच्या कंपनीचा धंदा. यातली गोम अशी की प्लग काढला तरी आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये तीनशेच्या वर व्होल्ट तसेच साठून राहतात. ते उतरेपर्यंत थांबावं लागतं. बाकीचे लोक घड्याळ बघून थांबतात. हे गृहस्थ, म्हणजे टिपणीसकाका, नातेवाईक मोजून थांबत. छोटा डबा असला तर एक आई पुरे. मोठ्याला आई, बहीण आणि मेव्हणा लागत. लिफ्टचा सप्लाय उघडायचा असला की स्वतः मॅनेजर कुरियन सर येऊन उभे राहत, त्यामुळे त्यांच्या सासऱ्यांच्या मोतीबिंदूची खबर अख्ख्या शेडला होती. एवढी चौकशी झाल्यावर काका मीटर लावून खात्री करत आणि मगच आत हात घालत.

उलट प्रश्न त्यांना कोणी फारसा विचारत नसे. स्टोअरकीपरने एकदा विचारलं होतं, अंकल, तुमच्या घरी कोण असतं. काका म्हणाले, इन्व्हर्टर असतो.

मी इथेच वाढले. शाळा इंग्रजी, कॉलेज शारजाला. घरी आई मराठीत बोलते आणि मी इंग्रजीत उत्तर देते. घराबाहेर मी कुठल्याच भाषेत फारसं बोलत नाही. काका आमच्याच मनखूल भागात, आमच्यापासून दोन बिल्डिंग सोडून, एका शेअरिंगच्या फ्लॅटमध्ये राहत होते, म्हणजे कंपनीची बसही एकच. दुसऱ्या दिवशी ते माझ्या बाजूच्या सीटवर, मध्ये चालायची वाट ठेवून, येऊन बसले.

"काय मॅडम, डिग्री आहे ना? मग सांगा, हा डबा एवढा हलका कसा?"

मी इंग्रजीत सांगितलं, हाय फ्रिक्वेन्सी स्विचिंगमुळे, अंकल.

"बरोबर. आता हेच आईला कळेल असं सांगा."

मला ते येईना. मी खिडकीबाहेर बघायला लागले. तेव्हापासून शिकवणी सुरू झाली.

त्यांच्या शिकवणीत सगळा पॉवर सप्लाय आमच्या मनखूलच्या बिल्डिंगीत राहायला आला होता. भिंतीतली वीज पुढेमागे हेलकावे खात येते. तिला दारातच एका दिशेला वळवायचं आणि गच्चीवरच्या टाकीत भरायचं. ही टाकी म्हणजे तो चावणारा कपॅसिटर. खालच्या नळाला हवेत चोवीस व्होल्ट आणि टाकीत आहेत सव्वातीनशे. थेट जोडलं तर नळासकट मोरी वाहून जाईल. म्हणून मध्ये एक मुकादम नेमलेला असतो. तो दार उघडतो आणि बंद करतो, सेकंदाला पासष्ट हजार वेळा. "पासष्ट हजार, मॅडम. आपला वॉचमन दोनदा लिफ्टचं दार धरून खुर्चीत बसतो."

दार उघडलं की थोडीशी वीज ट्रान्सफॉर्मरच्या पोटात चुंबक होऊन साठते. दार मिटलं की ती पलीकडे उतरते. घेताना द्यायचं नाही आणि देताना घ्यायचं नाही, एवढी एकच शिस्त त्याला ठाऊक असते. कामच चिमूट-चिमूट असल्यामुळे ट्रान्सफॉर्मर काडेपेटीएवढा चालतो. त्यांच्या तरुणपणी चोवीस व्होल्ट म्हणजे लोखंडाचा हा एवढा ठोकळा असायचा. आपली कंबर त्या ठोकळ्यांनीच घेतली असं ते सांगत, आणि सांगताना सीटवरून अर्धवट उठून कंबर दाखवत.

मग एक दिवस त्यांनी निरोप्याची गोष्ट सांगितली. मुकादमाला कसं कळतं की पलीकडे किती हवंय? दोन्ही बाजूंत एकही वायर जात नाही, जाऊ द्यायचीच नसते. तिथे चार पायांचा एक काळा तुकडा बसवतात. त्याच्या आत एका बाजूला इवलासा दिवा आणि समोर एक डोळा. पलीकडे पुरेसं झालं की दिवा उजळतो; डोळा ते बघतो आणि मुकादम दार कमी वेळ उघडं ठेवतो. "एवढ्याशा उजेडावर सगळा कारभार चालतो. तो गेला, की देणाऱ्याला कळतच नाही किती द्यावं." मग सप्लाय सुरू होतो, घाबरून बंद होतो, पुन्हा सुरू होतो. टेबलावर एखादा डबा असा टिक-टिक करायला लागला की काका त्याला उचकी लागली म्हणत आणि वाकून विचारत, "कोण आठवण काढतंय रे तुझी?"

माझ्या कानात बसमध्ये कायम हेडफोनच्या वायरी असत. बहुतेक दिवशी त्यातून काहीच वाजत नसे; कोणी बोलू नये म्हणून त्या लावलेल्या असत. काकांवर त्याचा परिणाम नव्हता. धडा संपला की ते विचारत, "कळलं का?" आणि मी मान हलवायचे. कळलं असलं तरी हलवायचे आणि नसलं तरी. ही शाळेतली सवय. मान हलली की शिक्षक पुढे जातात.

शेडमध्ये काकांच्या दोन गोष्टी प्रसिद्ध होत्या. पहिली, शंभर वॅटचा जुना तारेचा बल्ब. दुरुस्त केलेला डबा ते पहिल्यांदा कधीच थेट भिंतीला जोडत नसत. वाटेत हा बल्ब घालत. आत अजून काही जळकं असेल तर बल्ब भगभगून पेटतो आणि डबा वाचतो. सगळं ठीक असेल तर क्षणभर उजळून मंद होतो. "लाजला. पास," असं म्हणून काका डबा पुढे सरकवत. दुबईत जगातली सगळ्यात उंच बिल्डिंग आहे आणि तारेचा एक बल्ब मिळत नाही, याचं त्यांना मनापासून वाईट वाटायचं. ते सुट्टीवरून येताना बल्ब कराडहून आणत, एकेका मोज्यात एकेक. विमानतळावर एकदा बॅग उघडली गेली तेव्हा आत सहा बल्ब, सहा मोजे आणि मेतकूट निघालं. ऑफिसरने फक्त मेतकुटाबद्दल विचारलं.

दुसरी गोष्ट म्हणजे त्यांच्या चिठ्ठ्या. प्रत्येक डब्याला एक चिठ्ठी बांधायची असे आणि तिच्यावर बिघाडाचं कारण लिहायचं असे. बाकीचे 'कपॅसिटर खराब' वगैरे लिहीत. काकांचं म्हणणं, तो तर मेला, पण मारला कोणी? त्यांच्या चिठ्ठ्यांवर असे : 'कारण : ऑगस्ट', म्हणजे इथला भाजणारा उन्हाळा. 'कारण : झुरळ, सहकुटुंब'. अजमानच्या एका सलूनच्या पाटीचा सप्लाय आला होता, त्यावर त्यांनी इंग्रजीत लिहिलं, 'कारण : मालकाचा मेव्हणा'. मालकाने कुरियन सरांना फोन केला. सर चिठ्ठी नाचवत आले. काकांनी शांतपणे डबा उघडून दाखवला. फ्यूजच्या जागी चॉकलेटची चांदी गुंडाळली होती. मालक असं करणार नाही, त्याचा पैसा आहे, आणि नोकर करणार नाही, त्याला भीती आहे, असं त्यांचं शास्त्र. सरांनी फोनवर विचारलं. मेव्हणाच निघाला.

कारण सापडेपर्यंत ते चिठ्ठी कोरी ठेवत. आठवडा लागला तरी. खोटं कारण त्यांनी कधी लिहिलेलं कोणी पाहिलं नव्हतं.

माझ्या प्रोबेशनचा पाचवा महिना चालू होता. एका सकाळी बसमध्ये काकांनी करड्या डब्याचा धडा घेतला. आमच्या टेबलाखाली एक जड करडा डबा होता, भिंतीपासून वीज सोडवून देणारा. ते सांगत होते की पॉवर सप्लायमध्ये दोन घरं असतात आणि दोघांची जमीन वेगळी असते. आपल्या स्कोपची, म्हणजे विजेच्या लाटा दाखवणाऱ्या यंत्राची, चिमटी मात्र बिल्डिंगच्या जमिनीला बांधलेली असते. अलीकडच्या घरात ती चिमटी लावायची तर सप्लाय आधी करड्या डब्याला जोडायचा, भिंतीला नाही. नाहीतर बिल्डिंग आणि वीज समोरासमोर येतात. हे सगळं मला आज इतकं व्यवस्थित सांगता येतं, कारण नंतर मी ते वाचलं. त्या सकाळी माझ्या हेडफोनमध्ये खरंच गाणं चालू होतं. त्यांचे ओठ थांबले, भुवया वर गेल्या, तेव्हा मी मान हलवली.

त्याच दिवशी दुपारी काका सरांच्या केबिनमध्ये होते. टेबलावर उचकी लागलेला एक डबा होता. मला वाटलं, ते येण्याआधी आपण स्कोपवर स्विचची, म्हणजे मुकादमाची, लाट बघून ठेवावी, आणि ते आले की सांगावं, काय बिघडलंय ते. पाच महिन्यांत पहिल्यांदाच मला त्यांना काहीतरी सांगायचं होतं. मी डबा भिंतीला जोडला. अलीकडच्या घरात चिमटी लावली. बटण दाबलं.

आवाज एवढा मोठा झाला की स्टोअरकीपर खाली बसला. अर्धी शेड अंधारी झाली. स्कोपमधून धूर यायला लागला आणि चिमटीचं टोक जागेवर नव्हतं.

काका पळत आले. त्यांनी स्कोपकडे पाहिलंसुद्धा नाही. "हात दाखव," म्हणाले. मॅडम म्हणाले नाहीत. दोन्ही हात उलटे-पालथे करून पाहिले आणि म्हणाले, "काही नाही. खिशात ठेव." मी ठेवले. मग त्यांनी विचारलं, आईने आज डब्यात काय दिलंय. मी म्हटलं, भेंडी. कशी, परतून की रस्सा? परतून. खोबरं घालते का? मी मान हलवली.

कुरियन सरांनी येऊन विचारलं, कोणी केलं हे. मी हात खिशात घालून उभी होते. काका तोवर स्कोपच्या मुठीला चिठ्ठी बांधत होते. सरांनी ती वाचली. 'कारण : टिपणीस'.

"आप, अंकल? इतने साल में?"

"हो गया," काका म्हणाले आणि फ्यूज बदलायला गेले.

मी उद्या सांगीन असं ठरवलं. दुसऱ्या दिवशी केबिनच्या दारापर्यंत गेलेही. सरांनी मान वर करून विचारलं, येस? मी म्हटलं, प्रिंटरमधला कागद संपलाय. त्यांनी स्वतः उठून मला कागद काढून दिला.

पुढच्या महिन्यात काकांचं कॉन्ट्रॅक्ट संपत होतं. साठी उलटलेल्या माणसाला ठेवायचं तर हेड ऑफिसला प्रत्येक वेळी कारण द्यावं लागे, आणि दर वेळी सर ते देत आले होते. या वेळी त्यांच्या फाईलला ती चिठ्ठी लागलेली होती. माणूस हिरा आहे, सर मला म्हणाले, पण तीनशे व्होल्टवर हात चुकायला लागला असेल तर उद्या काही झालं तर मी काय उत्तर देऊ? ते वाईट माणूस नाहीत. मी तेव्हा त्यांच्यासमोर उभी होते, आम्ही दोघंच होतो, आणि मी म्हटलं, येस सर. माझं प्रोबेशन त्याच आठवड्यात संपलं. 'केअरफुल अँड सिन्सियर' असं माझ्या पत्रात लिहिलं होतं.

शिकवणी त्या स्फोटानंतर बंद झाली होती. काका ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसू लागले. मला वाटलं, रागावलेत, आणि बरोबरच आहे. बाजूची सीट रिकामी असायची, आणि मला कळेना की मला हायसं का वाटत नाहीये.

त्यांच्या शेवटच्या शनिवारी आईने त्यांना जेवायला बोलावलं. तिला यातलं काही माहीत नव्हतं. परदेशात एकटा मराठी माणूस निघालाय, एवढं तिला पुरेसं होतं. काका इस्त्रीचा शर्ट घालून आले. बसल्या बसल्या त्यांनी आमच्या वायफायच्या अडॅप्टरला हात लावून पाहिलं आणि म्हणाले, "वहिनी, हा ऑगस्ट काढत नाही." मग अळूवड्या आल्या आणि त्यांनी अडॅप्टर सोडून दिला.

आईने विचारलं, आता तिकडे गेल्यावर काय करणार.

"काही नाही. एका मित्राची कराडला आयटीआय आहे. मुलांना शिकवायला या म्हणून कधीचा मागे लागला होता. परवाच नाही म्हणून सांगितलं."

"अहो, का? तुम्हाला तर किती आवडेल."

"आवडतं हो. जमत नाही. एकच विद्यार्थी मिळाला होता, तिचा हात जाता जाता वाचला. चाळीस पोरं कोणाच्या भरवशावर घेऊ?" हे त्यांनी टोमणा म्हणून म्हटलं नाही. वडी मोडत, हवामान सांगावं तसं म्हटलं. आईने माझ्याकडे पाहून विचारलं, कसला हात. काका म्हणाले, काही नाही, जुनी गोष्ट, वड्या फर्स्टक्लास झाल्यात.

जेवण झाल्यावर त्यांनी पिशवीतून एक दोनशे पानी वही काढून माझ्यासमोर ठेवली. रद्दीत टाकणार होतो, म्हणाले, पण आकृत्या बऱ्या आल्यात, तेवढ्या बघ आणि बाकी सोडून दे. मग ते हात धुवायला गेले आणि आई त्यांच्यासाठी वड्या बांधायला.

मी वही उघडली. बसमधला प्रत्येक धडा आदल्या दिवशी लिहून काढलेला होता. मनखूलची बिल्डिंग पट्टीने आखलेली, गच्चीवर टाकी, दारात मुकादम, त्याला चक्क मिशा. कुठलं वाक्य कुठल्या सिग्नलला येईल हेही पेन्सिलीने लिहिलं होतं. उजवीकडे एक रकाना होता : 'कळलं का?' त्यात रोजची एक ओळ. 'मान हलली.' 'मान हलली, पण लक्ष खिडकीत. उद्या पुन्हा.' 'मान हलली. थोडी हसली असावी.' मध्येच एका ओळीखाली दोन रेघा मारलेल्या होत्या : 'आज स्वतः विचारलं, ट्रान्सफॉर्मरमध्ये लोखंड का नाही चालत. उत्तम प्रश्न!' तो मी विचारला होता. पाच महिन्यांत तेवढाच.

शेवटचा धडा करड्या डब्याचा. रकान्यात लिहिलं होतं, 'मान हलली.' खाली वेगळ्या शाईत : 'हलली, पण कळलं नव्हतं. मला ओळखता आलं नाही. सांगण्यात चूक झाली. कारण सापडलं. शिकवणं आपलं काम नव्हे.'

त्यापुढची पानं कोरी होती.

इतके दिवस मी समजत होते की त्यांनी माझ्यासाठी चिठ्ठीवर खोटं लिहिलं. दया केली, आणि मी ती घेतली. तसं नव्हतं. त्यांनी नेहमीसारखंच कारण शोधलं होतं आणि जे सापडलं ते प्रामाणिकपणे लिहिलं होतं. फक्त ते चुकीचं होतं, आणि ते चुकीचं आहे हे जगात एकाच माणसाला माहीत होतं.

नोकरी परत मिळणार नव्हती. व्हिसा रद्द झाला होता, विमान दुसऱ्या दिवशी सकाळी होतं. काका दाराशी स्टुलावर बसून बुटाची नाडी बांधत होते. आई डबा हातात देऊन सांगत होती की वड्या आजच संपवा, उद्यापर्यंत ठेवू नका. ते उठले, मला म्हणाले, "चला मॅडम, सांभाळून," आणि त्यांनी लिफ्टचं बटण दाबलं. लिफ्ट चौथ्या मजल्यावर होती, मग पाचव्या. मनात वाक्य इंग्रजीत तयार होतं, ते सोपं होतं, आणि मला ते त्यांना इंग्रजीत द्यायचं नव्हतं. मी अनवाणीच बाहेर गेले. लिफ्टचं दार उघडलं, काका आत गेले, आणि मी दारात हात घालून ते धरून ठेवलं.

"काका," मी म्हटलं, "करड्या डब्याचं तुम्ही नीट सांगितलं होतं. मी ऐकतच नव्हते, मान नुसती हलवली. बाकी सगळे धडे मला कळलेत, कुठलाही विचारा. तुम्ही कराडला हो म्हणून कळवा."